एका लादीचा हिशोब

जुलै २०२० संपता संपता ग्रीनलंड आणि स्वालबार यांच्या मधल्या फ्राम सामुद्रधुनीत बर्फाची एक लादी फुटली. तिथे दर उन्हाळ्यात अशा अगणित लाद्या फुटतात, कारण आर्क्टिक महासागरातला बर्फ बाहेर पडण्याचा मुख्य दरवाजा तोच आहे. पण ही लादी कुठे जन्मली, कुठल्या वाटेने आली, हिवाळ्यात किती जाड झाली, उन्हाळ्यात तिच्या पाठीवर डबकी कधी साचली, याची नोंद माणसं जवळपास दहा महिने तिच्या अंगावर तळ ठोकून करत होती. समुद्रबर्फाच्या एकाच तुकड्याचा इतका सलग पाठपुरावा क्वचितच झाला आहे. म्हणून अभ्यासासाठी हेच प्रकरण घेतलं.

"ध्रुवावरचा बर्फ वितळतोय, त्यात अडकलेले वायू बाहेर पडताहेत आणि त्यामुळे पृथ्वी आणखी तापतेय" हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की ते तपासून पाहावं असं सुचतच नाही. कायमगोठित जमिनीबद्दल ते बऱ्याच अंशी खरं आहे. समुद्रबर्फाला ते जसंच्या तसं लावलं की गडबड होते. कुठला वायू, किती आणि कुठल्या दिशेने, ही तिन्ही उत्तरं लादी कुठे वितळते यावर बदलत जातात. वायूचा मुक्काम आणि त्याची वाट ठरवणं, हेच लादीचं मुख्य काम आहे. या एका लादीच्या मागे जन्मापासून चालत गेलं की ते दिसतं.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. अंटार्क्टिकाच्या हिमचादरीत ८ लाख वर्षांपूर्वीच्या हवेचे बुडबुडे सापडले आहेत, ते बर्फ वेगळं. ते हिमवर्षावाचे थर दाबले जाऊन तयार होतं. समुद्रबर्फ म्हणजे समुद्राचंच गोठलेलं पाणी. ते बहुधा वर्षा-दोन वर्षांचं असतं आणि त्यात प्राचीन हवा नसते. आपली लादी फुटली तेव्हा तिचं वय सुमारे वीस महिने होतं.

जन्म: दहा मीटरपेक्षा कमी पाण्यात

मोझेइक या आर्क्टिक संशोधन मोहिमेचं पोलारस्टर्न हे जर्मन जहाज २० सप्टेंबर २०१९ रोजी नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून निघालं. मोहिमेची धुरा ध्रुवीय संशोधन करणाऱ्या जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेकडे होती आणि वीस देशांतल्या संस्था तिच्यात होत्या. ४ ऑक्टोबरला, ८५ अंश उत्तर अक्षांशावर, जहाजाने एका लादीला स्वतःला बांधून घेतलं आणि इंजिनाच्या जोरावर पुढे जाणं थांबवलं. यापुढे बर्फ नेईल तिकडे जायचं. १८९३ ते १८९६ या काळात नॉर्वेचे संशोधक फ्रित्यॉफ नान्सेन यांनी 'फ्राम' जहाजातून हेच केलं होतं, आणि सायबेरियाकडून ध्रुवाजवळून ग्रीनलंडकडे वाहणारा बर्फाचा प्रवाह खरोखर आहे हे दाखवलं होतं.

लादी निवडताना अडचण आली. त्या परिसरात बर्फ फार पातळ होतं. जी लादी शेवटी निवडली तिचाही बराचसा भाग पातळ आणि उन्हाळ्यात झिजलेला होता. भक्कम होता तो फक्त एक भाग, जिथे तुकडे एकमेकांवर चढून उंचवटे झाले होते. त्या भागाला मोहिमेतले लोक 'किल्ला' म्हणत. पुढे उपग्रहांच्या छायाचित्रांवरून लादीचा माग उलटा काढत नेल्यावर तिचं जन्मस्थान मिळालं: न्यू सायबेरियन बेटांच्या उत्तरेला, डिसेंबर २०१८च्या सुरुवातीला, दहा मीटरपेक्षा कमी खोल पाण्यात.

ही उथळ जागा या प्रकरणात फार महत्त्वाची आहे. सायबेरियाच्या उत्तरेला भूखंडमंच, म्हणजे पाण्याखाली गेलेली भूखंडाची उथळ कड, शेकडो किलोमीटर समुद्रात जातो. गेल्या हिमयुगात तो कोरडा आणि गोठलेला होता. समुद्राची पातळी वाढली तसा तो बुडाला, पण खालची जमीन अजून पुष्कळ ठिकाणी गोठलेलीच आहे. तिच्यातून आणि तिच्यावरच्या गाळातून मिथेन वर येतो. खोल समुद्रात तळाशी सुटलेला बुडबुडा पृष्ठभागापर्यंत पोचण्याआधीच पाण्यात विरघळून जातो. दहा-वीस मीटर पाण्यात त्याला तेवढा वेळच मिळत नाही.

हिवाळ्यात किनाऱ्याकडून वारा जोरात वाहतो, कोवळं बर्फ दूर ढकलतो आणि मध्ये मोकळं पाणी उरतं. ते पाणी भराभर गोठतं. वादळ असेल तर लाटा तळापर्यंत पोचतात, गाळ ढवळून निघतो आणि बर्फाच्या बारीक स्फटिकांबरोबर वर येऊन अडकतो. आपल्या लादीत हा गाळ सापडला, तळाशी पाण्याचा संबंध आल्याचा सरळ पुरावा. त्या पाण्यात जे काही विरघळलेलं होतं त्याचा थोडा अंश लादीच्या पोटात गेला असणार, हे त्यावरून ओघाने येतं.

चाळण

आपल्या डोळ्यांपुढे बर्फ म्हणजे काचेसारखी घट्ट वस्तू असते. समुद्रबर्फ तसं नसतं. पाणी गोठताना स्फटिकात मिठाला जागा नसते, तशी ती विरघळलेल्या वायूंनाही नसते. दोन्ही बाहेर ढकलली जातात आणि स्फटिकांच्या मधल्या पोकळ्यांत दाट मिठवणी साठते. उणे १० अंशांना ही मिठवणी समुद्राच्या पाण्याच्या जवळपास चौपट खारट असते. बर्फ जितकं थंड, तितक्या पोकळ्या अरुंद आणि मिठवणी दाट. बर्फ तापू लागलं की पोकळ्या रुंदावतात, एकमेकींना जोडल्या जातात आणि लादीची चाळण होते.

ही चाळण कधी उघडते याचा एक ढोबळ नियम १९९८ साली मांडला गेला. साधारण ५ टक्के मिठवणी असली की लादी आरपार झिरपू लागते. क्षारता हजारी ५ असलेल्या बर्फात ही अवस्था उणे ५ अंशांच्या आसपास येते. तीन ठिकाणी पाच, म्हणून तो लक्षात राहतो. लादीतले वायू बाहेर पडायला ती वितळायची वाट पाहावी लागत नाही, हा त्याचा अर्थ. शून्याच्या कितीतरी खाली, वरून सगळं पांढरं आणि टणक दिसत असताना, आतली मिठवणी खालच्या समुद्रात गळायला लागलेली असते आणि तिच्याबरोबर वायूही. पहिली गळती हवेकडे होत नाही, पाण्याकडे होते. मला हे कळलं तेव्हा समुद्रबर्फाबद्दलची माझी कल्पना मुळापासून बदलली.

कार्बन डायऑक्साइडची गोष्ट तर सरळ उलटी आहे. दाट मिठवणीत कॅल्शियम आणि बायकार्बोनेट इतके एकवटतात की त्यांपासून इकाइट नावाचं खनिज तयार होतं, एका कॅल्शियम कार्बोनेटला पाण्याचे सहा रेणू बांधलेलं. थंडीतच टिकणारं हे खनिज नैसर्गिक समुद्रबर्फात असल्याचं २००८ साली अंटार्क्टिकातल्या नमुन्यांवरून प्रसिद्ध झालं. पुढे ते आर्क्टिकमध्येही मिळालं. इकाइट बनताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो मिठवणीबरोबर खाली समुद्रात जातो आणि मिठवणी जड असल्याने खोल उतरू शकतो. स्फटिक मात्र लादीतच अडकून राहतात. उन्हाळ्यात लादी वितळली की ते विरघळतात, आणि विरघळताना कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात. त्यात वितळलेलं पाणी गोडं. त्याने पृष्ठभागावरचं पाणी पातळ होतं आणि त्यातला या वायूचा दाब आणखी उतरतो. म्हणजे लादी वितळत असते तेव्हा तिच्या भोवतालचं पाणी हवेतून कार्बन डायऑक्साइड ओढत असतं.

इथे हुरळून जायचं कारण नाही. हे शोषण वरच्या पातळ थरात होतं आणि तो थर लवकर भरतो. २००८च्या उन्हाळ्यात आर्क्टिक महासागराच्या कॅनडा खोऱ्यातल्या बर्फ ओसरलेल्या पाण्यात जी मोजणी झाली, तिच्यात पृष्ठभागावरच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हवेतल्या पातळीच्या जवळ पोचलेला आढळला. बर्फ हटलं की आर्क्टिक महासागर कार्बन पिऊन टाकील, ही आशा त्या आकड्यांनी बरीच कमी केली.

झाकणाखालचा हिवाळा

लादी ध्रुवाकडे सरकत गेली. फेब्रुवारी २०२०च्या उत्तरार्धात पोलारस्टर्न उत्तर ध्रुवापासून १५६ किलोमीटरवर होतं. भर हिवाळ्यात इतक्या उत्तरेला तोवर कुठलं जहाज गेलं नव्हतं. 'फ्राम'ला जी वाट पार करायला जवळजवळ तीन वर्षं लागली, तिचा मोठा भाग या लादीने दहा महिन्यांत कापला. त्या हिवाळ्यातले वारे तसे होते, आणि बर्फ पातळ झाल्याने ते वाऱ्याला पूर्वीपेक्षा सहज हलतंही.

या काळात लादी झाकणाचं काम करते. खाली पाण्यात मिथेन आहे आणि हवेत जायला वाट नाही. पाण्यातले काही जिवाणू मिथेनवर जगतात; ते त्याचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतात. थंड पाण्यात त्यांचं काम सावकाश चालतं, पण झाकण महिनोन्‌महिने बंद असेल तर सावकाश चालणाऱ्या कामालाही पुरेसा वेळ मिळतो. मिथेन हवेत गेला तर वीस वर्षांच्या मोजमापात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशीपट उष्णता धरतो. तोच पाण्यात जिवाणूंनी खाल्ला तर त्याची बहुतेक धार जाते. झाकण किती दिवस टिकलं, यावर मिथेनच्या त्याच रेणूचा परिणाम इतका बदलतो.

झाकण बिनफटीचं नसतं. वारा आणि प्रवाह लादी ताणतात, मग भेगा पडतात. २००९-१०मध्ये आर्क्टिकवरून झालेल्या विमानफेऱ्यांत ८२ अंश उत्तरेपर्यंत, भेगा आणि तुटक बर्फ असलेल्या भागांवर, मिथेन वर येत असल्याचं दिसलं. दर चौरस मीटरला दिवसाला सुमारे २ मिलिग्रॅम. आकडा लहान वाटतो, पण समुद्र मोठा आहे. ही नोंद २०१२ साली प्रसिद्ध झाली आणि मध्य आर्क्टिककडे पाहण्याची नजर बदलली, कारण तिथे खाली चार किलोमीटर पाणी आहे. तळाचा मिथेन थेट वर येण्याची शक्यता नाही. मग आला कुठून? एक उत्तर असं की पृष्ठभागाजवळच्या पाण्यातले जीवही थोडा मिथेन तयार करतात. दुसरं उत्तर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने पुढे आणलं: ध्रुवावरून जाणारा बर्फाचा प्रवाह सायबेरियाच्या उथळ समुद्रातला मिथेन स्वतःबरोबर वाहून आणतो. आपल्या लादीने धरली ती हीच वाट. उथळ पाण्यात भरलेला माल हजारेक किलोमीटर दूर, खोल समुद्रावर उतरवला जातो.

नेमका तो महिना

मार्च २०२० मध्ये जगभर महासाथ पसरली. विमानाने माणसं बदलायचा बेत कोलमडला. मेच्या मध्याला पोलारस्टर्नला लादी सोडून स्वालबारजवळ जावं लागलं. तिथे दुसऱ्या दोन जर्मन जहाजांतून नवी माणसं आणि सामान आलं. जहाज परत लादीशी पोचलं ते जूनच्या मध्यानंतर. स्वयंचलित उपकरणं मागे ठेवली होती, त्यांनी तापमान, वारा, बर्फाची जाडी टिपली. पण बर्फाचे गाभे, म्हणजे आरपार कापलेले दंडगोल, काढणं, मिठवणी गोळा करणं, पृष्ठभागावर पेटी ठेवून वायू मोजणं ही हातांची कामं. ती थांबली.

आणि मेच्या अखेरीस वितळण सुरू झाली. लादीची चाळण उघडून मिठवणी गळून जाण्याचा काळही साधारण हाच. वर्षभराच्या नोंदींत खिंडार पडलं ते नेमकं इथे. यात कोणाचा दोष नाही. त्या परिस्थितीत मोहीम वाचली हेच मोठं. पण या लादीचा वायूंचा हिशोब वाचताना हे पान कोरं आहे हे लक्षात ठेवलं पाहिजे, आणि मोहिमेवरचे लोकप्रिय लेख हे सांगत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

जूनमध्ये माणसं परतली तेव्हा लादी ओळखू येईना. वर निळी डबकी साचली होती. जन्माच्या वेळी आत गेलेला गाळ पृष्ठभागावर येऊन जागोजागी तपकिरी डाग पडले होते आणि गडद भाग ऊन जास्त पीत होते. डबक्यांतलं पाणी लादीतून झिरपत खाली जात होतं. इथून या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग सुरू होतो.

वितळलेलं पाणी गोडं, म्हणून हलकं. वारा शांत असेल तर ते खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. लादीच्या बुडाशी आणि भेगांमध्ये त्याचा वेगळा थर बसतो, काही सेंटिमीटरपासून मीटरभरापर्यंत. लादीखाली याहून नवल घडतं. गोडं पाणी शून्याजवळ असतं आणि त्याखालचं समुद्राचं पाणी उणे दीड अंशाच्याही खाली. दोन्ही जिथे भेटतात तिथे गोडं पाणी गोठतं, आणि खऱ्या लादीच्या खाली बर्फाचा दुसरा पापुद्रा तयार होतो. भर उन्हाळ्यात, वितळण चालू असताना, खाली नवं बर्फ! याला खोटा तळ म्हणतात. नान्सेन यांनी 'फ्राम'वरून तो पाहून लिहून ठेवला होता. २०२०च्या जुलैमध्ये मोझेइकच्या लादीखाली तो पुन्हा नीट मोजला गेला.

वायूंच्या दृष्टीने हा गोड्या पाण्याचा थर दुसरं झाकण आहे. बर्फाचं झाकण जातं तिथे हे येतं. भेगेत पाणी उघडं दिसतं, आपण समजतो की समुद्र आता श्वास घेतोय. पण हवेला भिडलेलं असतं ते फक्त वरचं गोडं पाणी. त्यातला कार्बन डायऑक्साइड कमी, म्हणून ते हवेतून थोडा घेतं आणि लवकर थांबतं. खालच्या खाऱ्या पाण्यात मिथेन जास्त असला तरी त्याला वर यायला हा थर ओलांडावा लागतो, आणि दोन थरांमधली घनतेची पायरी इतकी तीव्र असते की देवघेव जवळपास बंद पडते. मग एखाद्या दिवशी वारा सुटतो, थर ढवळला जातो, आणि तोवर अडलेली देवघेव थोड्या वेळात होऊन जाते.

त्यामुळे उपग्रहावरून उघडं पाणी मोजायचं, वाऱ्याचा वेग घ्यायचा आणि मोकळ्या समुद्रासाठी बनवलेल्या सूत्रात घालून वायू किती सुटला ते काढायचं, ही नेहमीची पद्धत इथे फसते. जहाजावरून पाण्याचा नमुना घेतात तोही बहुधा काही मीटर खालचा. जहाजाच्या हालचालीने वरचा थर आधीच विस्कटलेला असतो. खालच्या पाण्याचा आकडा धरून हवेकडे जाणारा वायू काढला की उत्तर वाटेल तसं चुकतं, कधीकधी दिशासुद्धा. मोझेइकच्या पथकांनी या थरातलं पाणी काही सेंटिमीटरच्या अंतराने वेगवेगळं घेतलं. माझ्या मते या मोहिमेच्या कामातला सर्वांत मोलाचा धडा हाच.

शेवाळाचा वायू

आतापर्यंतच्या वायूंत लादी वाहक होती. डायमिथाइल सल्फाइडच्या, म्हणजे डीएमएसच्या बाबतीत ती कारखानाही आहे.

लादीच्या बुडाशी वसंतात सूक्ष्म शेवाळ इतकं वाढतं की गाभा काढला तर शेवटचे काही सेंटिमीटर तपकिरी निघतात. या जीवांना दाट मिठवणीत आणि गोठणाऱ्या थंडीत तगायचं असतं. त्यासाठी ते पेशीत गंधकाचं एक संयुग साठवतात. बर्फ वितळलं की भोवतालचं पाणी एकदम गोडं होतं, ते संयुग पेशींना नको होतं आणि बाहेर टाकलं जातं. पेशी फुटतात किंवा खाल्ल्या जातात तेव्हाही ते सुटतं. जिवाणू आणि शेवाळातलीच विकरं त्याचा एक भाग डीएमएसमध्ये बदलतात. समुद्राचा जो ओळखीचा वास येतो त्यात या वायूचा मोठा वाटा आहे.

हवेत गेल्यावर डीएमएसपासून सल्फ्युरिक आम्ल आणि मिथेनसल्फॉनिक आम्ल तयार होतं, त्यांचे सूक्ष्म कण बनतात आणि त्या कणांवर ढगांचे थेंब जमतात. १९८७ साली चार शास्त्रज्ञांनी यावरून एक देखणी कल्पना मांडली: समुद्र तापला की शेवाळ वाढेल, डीएमएस वाढेल, ढग उजळतील आणि समुद्र पुन्हा निवेल. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला 'क्लॉ' म्हणतात. पुढच्या पंचवीस वर्षांत तिला बरेच धक्के बसले. कण इतरही मार्गांनी बनतात. आर्क्टिकमध्ये तर २०१८च्या मोजणीत आयोडीनच्या आम्लापासून नवे कण बनताना दिसले, तेही नवं बर्फ धरू लागतं त्या हंगामात.

तरी डीएमएस वाढतोय हे खरं. उपग्रहांच्या नोंदींवरून काढलेल्या एका अंदाजानुसार १९९८ ते २०१६ या काळात ७० अंशांच्या उत्तरेला त्याचं उत्सर्जन दर दशकाला सुमारे एक तृतीयांशाने वाढलं आणि त्याचं मुख्य कारण बर्फाचं मागे हटणं हे होतं. याने आर्क्टिक थंड होईल का? ढग गडद पाण्यावर असेल तर तो ऊन परतवतो आणि थंडावा देतो. तोच ढग पांढऱ्या लादीवर असेल तर परतवायला फारसं ऊन उरलेलंच नसतं, कारण खालची लादीही पांढरीच आहे; उलट खालून जाणारी उष्णता तो अडवतो आणि पांघरुणासारखा वागतो. म्हणजे या वायूचा परिणामही त्याच्या खाली काय आहे यावर ठरतो.

दक्षिणेतून एक उदाहरण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रबर्फाच्या कडेला शेवाळ फुलतं, डीएमएस सुटतो आणि मिथेनसल्फॉनिक आम्लाचा अंश वाऱ्याबरोबर जाऊन भूमीवरच्या हिमात साठतो. लॉ डोम इथल्या हिमाच्या गाभ्यात वर्षानुवर्षांचे असे थर आहेत. २००३ साली त्यांच्या मोजणीवरून दाखवलं गेलं की त्या भागातलं समुद्रबर्फ १९५०च्या सुमारापासून जवळपास २० टक्क्यांनी घटलं असावं. सलग उपग्रह नोंदी १९७०च्या दशकाअखेरीपासूनच्या. त्याआधीची माहिती बर्फातून सुटलेल्या वायूनेच जपून ठेवली होती.

ज्या लाद्या निघाल्याच नाहीत

आता या लादीला तिच्या सोबतच्या लाद्यांमध्ये ठेवून पाहू, कारण ती अपवाद होती.

२०१९ साली, मोझेइक निघण्याच्या काही महिने आधी, एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रशियाच्या उत्तरेकडच्या उथळ समुद्रांत बनणाऱ्या कोवळ्या बर्फापैकी आता सुमारे २० टक्केच मध्य आर्क्टिकपर्यंत पोचतं. बाकीचं ८० टक्के जिथे बनलं त्याच उथळ समुद्रांत वितळून जातं. २०००च्या आधी साधारण निम्मं बर्फ तिथवर पोचत असे. आपली लादी त्या उरलेल्या २० टक्क्यांतली, वाचलेली.

मिथेनच्या दृष्टीने हा फरक नीट समजून घ्यायला हवा. लादी प्रवाहाला लागली तर तिच्या पोटातला आणि तिच्याखालचा मिथेन महिनोन्‌महिने झाकलेला राहतो, जिवाणूंना वेळ मिळतो आणि उरलेला खोल समुद्रावर विखरून उतरतो. लादी जागीच वितळली तर तिचा माल तिथेच रिता होतो. शिवाय झाकण लवकर हटल्याने खाली गाळातून येणाऱ्या मिथेनलाही हवेपर्यंत सरळ वाट मिळते, आणि उघड्या पाण्यावर वारा मोठ्या लाटा उठवून थर राहू देत नाही. ऊन थेट पाण्यात शिरून तळ तापवतं, तो भाग वेगळाच. लादीतून सुटणारा मिथेन यात थोडाच आहे. लादी नसल्याने सुटणारा त्याहून मोठा.

किती मोठा, यावर वाद आहे. पूर्व सायबेरियाच्या मंचावरून वर्षाला सुमारे ८० लाख टन मिथेन हवेत जातो असा अंदाज २०१० साली प्रसिद्ध झाला आणि खळबळ उडाली. २०१४मध्ये स्वीडनच्या 'ओडेन' या बर्फफोड्या जहाजावरून झालेल्या मोजणीने तो ३० लाख टनांच्या आसपास आणला. जगात सगळ्या स्रोतांतून वर्षाला ६० कोटी टनांच्या आसपास मिथेन सुटतो. त्याच्याशी ताडून पाहिलं तर दोन्ही आकडे दीड टक्क्याच्या आत राहतात. 'मिथेन बॉम्ब' हा शब्द मला म्हणूनच मान्य नाही. त्याने आधी भीती पसरते, मग स्फोट झाला नाही म्हणून लोक सगळ्याच इशाऱ्यावर अविश्वास दाखवतात, आणि दरवर्षी हळूहळू रुंदावणारी वाट दोन्ही वेळा नजरेआड राहते.

२०२०च्या उन्हाळ्यात ही वाट किती रुंदावली ते आकड्यांत दिसतं. २० जूनला सायबेरियातल्या वेर्खोयान्स्क इथे ३८ अंश तापमान नोंदलं गेलं. सायबेरियाच्या उत्तरेच्या लाप्तेव समुद्रावरचं बर्फ लवकर मागे हटलं. सप्टेंबरमध्ये आर्क्टिकचं एकूण समुद्रबर्फ ४० लाख चौरस किलोमीटरच्या खाली गेलं. उपग्रह नोंदींत त्याहून कमी फक्त २०१२ साली होतं.

पहिली लादी फुटल्यावर पोलारस्टर्न पुन्हा उत्तरेला गेलं, १९ ऑगस्टला ध्रुवावर पोचलं आणि दुसऱ्या एका लादीजवळ थांबून पुन्हा गोठण सुरू होईपर्यंत मोजत राहिलं. तिथल्या भेगेतला गोड्या पाण्याचा थर वाऱ्याने आणि नव्या बर्फाने कसा मोडत जातो हेही टिपलं गेलं. १२ ऑक्टोबरला जहाज ब्रेमरहाफेनला परतलं. मे-जूनमधली ती कोरी जागा सोडली तर एका लादीचा जवळपास सगळा हंगाम हाती आला होता.

त्याच ऑक्टोबरमध्ये, एरवी लाप्तेव समुद्रात बर्फ धरू लागतं त्या दिवसांत, तिथे पाणी उघडं होतं. महिना संपत आला तरी ते नीट गोठलं नव्हतं. उपग्रहांच्या नोंदींत इतका उशीर आधी कधी झाला नव्हता. डिसेंबर २०१८मध्ये आपली लादी जिथे जन्मली, त्याच्या आसपासचंच हे पाणी.